सही नाकारणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या बेटावर: मॉरिशसचे सहा दिवस

तीस वर्षं मी रत्नागिरीत नागरिकशास्त्र शिकवलं. 'राष्ट्रपती' हा धडा दरवर्षी यायचा आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, राष्ट्रपतींनी सहीच केली नाही तर?" पुस्तकातलं उत्तर मी द्यायचे, मुलं ते लिहून घ्यायची. निवृत्तीनंतर ताईबरोबर मॉरिशसला जायचं ठरलं ते गणपतीसाठी. तिच्या मैत्रिणीची चुलत सासू (पुढे ज्यांना काकी म्हणते त्या याच) वाकवा गावात राहते, मराठी माणसं, चार पिढ्यांची. पण जायच्या आधी थोडं वाचलं तेव्हा कळलं की मुलांच्या त्या प्रश्नाचं खरंखुरं, घडलेलं उत्तर त्याच बेटावर आहे. मग गणपतीइतकीच ओढ त्याचीही लागली.

दिवस पहिला, २५ ऑगस्ट २०२५

मुंबईहून थेट विमान, सहा तासांच्या आसपास. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. विमानतळाला सर शिवसागर रामगुलाम यांचं नाव आहे, ते देशाचे पहिले पंतप्रधान. बाहेर पडल्यावर पहिली जाणीव झाली ती वाऱ्याची. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, आग्नेयेकडून वारा सतत वाहतो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस आणि तोडणीचा हंगाम सुरू, त्यामुळे भरलेले ट्रक. मधूनच काळ्या दगडांचे पिरॅमिडसारखे ढीग दिसत होते. टॅक्सीवाल्या भाऊंनी सांगितलं, शेतं मोकळी करताना मजुरांनी वेचून रचलेले ज्वालामुखीचे दगड आहेत ते. त्यांचे पणजोबा बिहारचे. आमच्याशी हिंदीत बोलत, फोनवर बायकोशी क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून झालेल्या तिथल्या बोलीत, आणि रेडिओ फ्रेंचमध्ये चालू.

"राष्ट्राध्यक्ष कोण आहेत सध्या?" मी विचारलं. नाव मला माहीत होतं, लोक ते कसं उच्चारतात हे ऐकायचं होतं.

"धरम गोखूल. मास्टरजी थे, फिर मंत्री." पुढे म्हणाले, "हमारे यहाँ प्रेसिडेंट सबका होता है, प्राइम मिनिस्टर पार्टी का."

वाकवा उंचावर आहे, धुकं आणि भुरभुर पाऊस. काकींनी दारातच शाली दिल्या. आत गेल्यावर व्हॅनिलाचा वास असलेला चहा आणि गातो पिमां, म्हणजे वाटलेल्या डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे. इथे ते पावात लोणी लावून त्यात घालून खातात. ताईनं चार खाल्ले.

जाणाऱ्यांसाठी: भारतीयांना उतरल्यावर व्हिसा मिळतो, शुल्क नाही, पण प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म निघण्यापूर्वी भरून ठेवा आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा. तिथला एक रुपया आपल्या जवळजवळ दोन रुपयांना पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर स्वेटर न्याच. किनाऱ्यावर ऊन असतं तेव्हा वाकवा-क्युरपीपकडे चक्क थंडी असते.

दिवस दुसरा, २६ ऑगस्ट

वाकवाहून मेट्रो सरळ राजधानीत, पोर्ट लुईसला जाते. आपल्याकडच्या लार्सन अँड टुब्रोनं बांधलेली, जमिनीवरून धावणारी छोटी गाडी. उतरल्यावर लगेच आप्रवासी घाट.

इथे मी किती वेळ उभी होते ते मला नंतर ताईनं सांगितलं. दगडी पायऱ्या आहेत, सोळाच. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर या बेटावर उतरले, आणि पुढच्या काही दशकांत जवळजवळ साडेचार लाख माणसं कराराखाली इथे आली. गुलामगिरी बंद होत होती, ऊस तर तोडायचा होता. बिहारी, तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून आलेली आपली कोकणातली माणसं, त्यांत रत्नागिरीचीही. १८४९ पासून नोंदणी याच जागी व्हायची. कारकून समोरच्या माणसाचं नाव ऐकायचा आणि कानाला येईल तसं रोमन लिपीत लिहायचा.

शेजारच्या संग्रहालयात एक शिक्षिका मुलांना घेऊन आली होती. एका मुलाला ती त्याच्या आडनावाचं मूळ रूप समजावत होती. तेव्हा माझ्या मनात राष्ट्राध्यक्षांची यादी आली. मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला, पण पुढची चोवीस वर्षं इंग्लंडची राणीच इथली राणी राहिली. १२ मार्च १९९२ ला देश प्रजासत्ताक झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष वीरासामी रिंगाडू, मग कासम उतीम, कार्ल ऑफमन, अनिरुद्ध जगन्नाथ, कैलाश प्रयाग, अमिना गरीब-फकीम, पृथ्वीराजसिंग रूपन, आणि आता गोखूल. मी हे देवनागरीत लिहिते तेव्हा जगन्नाथ आणि प्रयाग नीट दिसतात. त्यांच्या कागदपत्रांवर मात्र कारकुनानं ऐकलेली स्पेलिंगं आहेत. ती बदलून घ्यावीत असं कुणाला वाटलं नाही. तमिळ, मुसलमान, क्रिओल (म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाचे), भोजपुरी, सगळे त्या यादीत आहेत. टॅक्सीवाले भाऊ "सबका" म्हणाले ते यासाठी.

१२ मार्चच का, हेही इथे कळलं. गांधीजी दांडीला निघाले तो दिवस म्हणून.

जेवण बाजाराच्या बाहेर गाडीवर. डोल पुरी म्हणजे डाळीचं पुरण भरलेली मऊ, पातळ पोळी, गोडाची नव्हे. जोडीची जोडीच देतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रुगाय आणि हिरवी चटणी. कागदात गुंडाळून हातात. उभ्यानं खायची, रस मनगटावरून ओघळतो. नंतर आलुदा, आपल्या फालुद्याचा धाकटा भाऊ.

दुपारी शाँ द मार्सला गेलो. १८१२ पासूनचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, तीन बाजूंनी डोंगर. स्वातंत्र्याचा झेंडा इथेच चढला. २०२४ च्या राष्ट्रीय दिनाला आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे प्रमुख पाहुण्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा मैदान रिकामं होतं आणि एक आजोबा नातवाला सायकल शिकवत होते.

आप्रवासी घाट बघायला पैसे पडत नाहीत, पण रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद असतो, शनिवारी अर्धाच दिवस. दोन तास तरी ठेवा. बाजारात हातातली पिशवी पुढे धरा, गर्दी दादरसारखी असते.

दिवस तिसरा, २७ ऑगस्ट: गणेश चतुर्थी

सकाळी कास्काव्हेलला काकींच्या माहेरी. हे मराठी वस्तीचं गाव. मूर्ती दीड हाताची, घरच्याच मुलानं केलेली. आरतीचे कागद रोमन लिपीत छापलेले, पण आवाज आणि ठेका अगदी आपला. म्हाताऱ्या बायका "झाकरी" म्हणाल्या आणि मुलं रिंगण धरून नाचायला लागली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ती आमची जाखडी. आमच्याकडे गणपतीत बाल्या नाचतात तीच पावलं, समुद्रापलीकडे दीडशे वर्षं जपलेली. चार-पाच पोरींनी मला ओढून रिंगणात घेतलं. कुणी विचारलंच नाही की येतं का.

मोदकात नारळ आणि साखर होती, गुळाऐवजी. पुरणपोळी मात्र जशीच्या तशी.

जेवणानंतर ओटीवर काकींचे थोरले भाऊ बसले होते. वय ब्याऐंशी, सरकारी कचेरीत हयात गेली. त्यांची मराठी जुनी, मध्ये मध्ये क्रिओल शब्द. मी त्यांना विचारलं, "दादा, २००२ साली काय झालं होतं?"

ते सावरून बसले. मग जे सांगितलं ते मी त्याच रात्री वहीत उतरवलं, ते असं.

कासम उतीम १९९२ पासून राष्ट्राध्यक्ष होते, जवळजवळ दहा वर्षं. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अनेक देशांनी दहशतवादविरोधी कायदे आणले, तसा मॉरिशसच्या संसदेनंही आणला. त्यात पोलिसांना संशयिताला ३६ तास कुणालाही, वकिलालाही, भेटू न देता ठेवता येणार होतं. उतीम यांना हे पटलं नाही. घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष विधेयक एकदा परत पाठवू शकतात, पण संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं की सही करावीच लागते. आपल्याकडेही असंच आहे. २००६ मध्ये डॉ. कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं होतं, ते जसंच्या तसं परत आलं तेव्हा सही केली. इथेही विधेयक परत आलं. उतीम यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, सही नाही तर खुर्ची. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी खुर्ची सोडली.

"मग उपाध्यक्ष बसले," दादा म्हणाले. "अंगिडी चेट्टियार. सगळ्यांना वाटलं, आता होईल सही. त्यांनीसुद्धा नाही केली! तेसुद्धा गेले." दादांनी दोन बोटं वर केली. "एका आठवड्यात दोघे."

शेवटी सरन्यायाधीश हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी सही केली. कायदा झाला. महिना संपायच्या आत कार्ल ऑफमन निवडले गेले.

मी विचारलं, "मग उपयोग काय झाला? कायदा तर झालाच."

दादा बराच वेळ बोलले नाहीत. आत मुलांचा गोंगाट चालू होता. मग म्हणाले, "बाय, आमच्या पणज्याच्या पुढ्यात कागद ठेवला, त्यात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं खूण केली नि पाच वर्षं बांधला गेला. या माणसाला वाचता येत होतं. त्यानं वाचलं, नि नाही म्हणाला."

तीस वर्षांत मी वर्गात इतकं चांगलं उत्तर दिलं नव्हतं.

दिवस चौथा, २८ ऑगस्ट

सार्वजनिक सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, कारण विसर्जन त्या दिवशी. सगळं गाव रस्त्यावर, ढोल, गुलाल, पांढऱ्या साड्या-कुर्ते आणि गाड्यांना बांधलेल्या केळी. समुद्र अगदी निळा. प्रवाळाच्या रांगेमुळे लाटा दूरवरच फुटतात, किनाऱ्याजवळ पाणी तळ्यासारखं, त्यामुळे लहान मुलंसुद्धा कमरेएवढ्या पाण्यात मूर्तीबरोबर जातात. रत्नागिरीच्या पावसाळी समुद्रात आम्ही पोरांना असं कधी सोडलं नसतं. क्रिओल आणि चिनी शेजारी प्रसाद घ्यायला आले होते, हात पुढे करून, आपल्यासारखा डाव्यावर उजवा ठेवून.

संध्याकाळी पाऊस. झोप लवकर.

दिवस पाचवा, २९ ऑगस्ट: रेद्युई

मेट्रोनं रोझ हिलला उतरायचं आणि तिथून रेद्युईची दुसरी गाडी पकडायची. हा फाटा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. रेद्युई म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, आणि त्या नावाचा अर्थ आसरा, छोटा किल्ला. १७४८ मध्ये फ्रेंच गव्हर्नर दाव्हिद यानं दोन नद्यांच्या खोल दऱ्यांमधल्या सुळक्यावर ही जागा निवडली. इंग्रजांचा हल्ला झाला तर बायका-मुलांना लपायला, असं कारण दिलं. पुढे इंग्रज गव्हर्नर तिथे राहिले, मग गव्हर्नर जनरल, मग राष्ट्राध्यक्ष. सुळक्याच्या टोकाला 'बू द्यू माँद' म्हणतात, म्हणजे जगाचा शेवट.

आम्ही फाटकापर्यंतच पोचलो. वाडा वर्षातून मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतो आणि तो दिवस हा नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी जायचं होतं. पहारेकरी तरुण होता, गणवेश कडक इस्त्रीचा. "बोंझूर" म्हणाला, फोटो इकडून नाही, पलीकडून काढा म्हणाला. मग आमच्या साड्या बघून विचारलं, "गणेश?" मी पिशवीतला मोदकाचा डबा काढला. त्यानं मान हलवली, कामावर चालत नाही. मग थोडं थांबून म्हणाला, त्याची आजी तेलुगू आहे, ती पण करते.

फाटकातून सरळ गेलेला रस्ता आणि मोठी झाडं दिसतात, वाडा नाही. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना जहाज इथे बरेच दिवस थांबलं तेव्हा गांधीजी गव्हर्नर चार्ल्स ब्रूस यांच्याकडे एक रात्र पाहुणे होते, हे त्यांनी आत्मकथेत एका ओळीत लिहिलं आहे. गव्हर्नरचं घर हेच. ऊसाच्या शेतातल्या मजुरांना त्या काळी या फाटकाच्या आत काय काम असणार? आणि मार्च २०२५ मध्ये याच वाड्यात गोखूल यांनी पंतप्रधान मोदींना जेवण दिलं.

तिथून जवळच मोका इथली महात्मा गांधी संस्था. पायाभरणी १९७० ची, इंदिरा गांधींच्या हस्ते. इथे मराठी विभाग आहे, आणि इथेच त्या सगळ्या मजुरांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. राष्ट्राध्यक्षांचं घर आणि गिरमिटियांची, म्हणजे त्या कराराच्या मजुरांची, रजिस्टरं इतकी शेजारी! मला हे आधी माहीत नव्हतं आणि या प्रवासातलं हेच मला सर्वांत मोठं वाटलं.

मराठी शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. त्या खुल्या दिवशी रेद्युईला शाळेच्या मुलांना घेऊन गेल्या होत्या. "मुलांना वाटतं राजाचा महाल असेल," त्या म्हणाल्या. "तिथे गेल्यावर ती झाडांमध्ये पळतात. व्हरांडा, हिरवळ, आणि टोकाला जाऊन दरी बघणं, एवढंच त्यांना आठवतं. मला ते आवडतं."

मी त्यांना अमिना गरीब-फकीम यांच्याबद्दल विचारलं. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, जून २०१५ पासून. औषधी वनस्पतींच्या संशोधक, रेद्युईच्याच विद्यापीठात प्राध्यापक. बाईंचा चेहरा आधी खुलला, मग उतरला. त्या निवडून आल्या तेव्हा विज्ञान शाखेच्या मुलींचं केवढं कौतुक झालं होतं, हे त्यांनी सांगितलं. २०१८ मध्ये एका परदेशी संस्थेनं दिलेल्या क्रेडिट कार्डावर खासगी खरेदी केल्याचं प्रकरण निघालं. आपल्या हातून ते चुकून झालं आणि पैसे परत केले, असं त्यांचं म्हणणं होतं. पण स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या तोंडावर देश त्याचीच चर्चा करत होता आणि मार्च महिन्यातच त्यांना पद सोडावं लागलं. "अधिकार थोडे असले ना, की वागणं जास्त बघतात," बाई म्हणाल्या. मला हे पटलं. खरी सत्ता पंतप्रधानांकडे. २०२४ च्या निवडणुकीत ६२ पैकी ६० जागा एकाच आघाडीला मिळाल्या. राष्ट्राध्यक्षांना संसदच निवडते, पंतप्रधानांच्या ठरावावर, साध्या बहुमतानं, पाच वर्षांसाठी. अशा वेळी त्या माणसाकडे उरतं ते त्याचं वागणं आणि त्याची सही.

अनिरुद्ध जगन्नाथ यांनी मात्र ही खुर्ची वेगळ्याच रीतीनं वापरली. पंतप्रधानपद वाटून घ्यायच्या करारानुसार ते २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, २०१२ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा राजकारणात उतरले आणि २०१४ मध्ये परत पंतप्रधान. मला स्वतःला हे आवडलं नाही. जिथे बसायचं ते "सबका" म्हणून, तिथे उतारू थांबल्यासारखं बसू नये. बाई हसल्या, त्यांचं मत त्यांनी दिलं नाही.

रेद्युई आतून बघायचं असेल तर तारखा स्थानिक वर्तमानपत्रात येतात, त्या आधी विचारून मगच विमानाचं तिकीट काढा. मेट्रोसाठी कार्ड घ्या. फाट्यावरच्या गाड्यांना थोडं थांबावं लागतं, घाई करू नका.

दिवस सहावा, ३० ऑगस्ट

सकाळी पाँपलमूसची बाग. ताटाएवढी नव्हे, परातीएवढी पानं असलेली कमळं, आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारे ताड. बागेला रामगुलामांचं नाव आहे आणि त्यांची समाधीही इथेच. पंतप्रधानपद गेल्यावर शेवटची दोन वर्षं ते गव्हर्नर जनरल म्हणून रेद्युईला राहिले. समाधीवर कुणीतरी ताजी जास्वंद ठेवली होती. मी हात जोडले.

दुपारी सामान भरताना काकींनी एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. आत कागदाची छायाप्रत होती, महात्मा गांधी संस्थेतून काढलेली. त्यांच्या खापरपणजोबांची नोंद: क्रमांक, वय बावीस, उंची, कपाळावर व्रण. जिल्हा रत्नागिरी, हे स्पेलिंग वाकडं असलं तरी वाचता येतं. गावाच्या रकान्यात कारकुनानं जे ऐकलं ते लिहिलंय. मी ते सोलगाव वाचते, ताई शेलगाव म्हणते, काकींच्या घरात पिढ्यानपिढ्या "सोरगाव" म्हणतात.

"तू तिकडचीच," काकी म्हणाल्या. "बघ सापडतं का."

परत येऊन तीन आठवडे झाले. तलाठ्यांना भेटले, राजापूर आणि लांजा तालुक्याच्या गावांच्या याद्या चाळल्या, दोन गावांना एसटीनं जाऊन आले. एका ठिकाणी देवळाच्या पुजाऱ्यांनी वहीत नाव आणि साल लिहून घेतलंय. अजून लागलं नाही. कोकणात अशा नावाची वाडी कुणाला माहीत असेल, अगदी आता नाव बदललेली असली तरी, मला जरूर कळवा.